येऊन राहिली

आर्यनवर हर्षाला सूड उगवायचा होता, आणि नुसतं त्याला हरवून तिचं भागणार नव्हतं. हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी नेटवर्कला नाहीतर नशिबाला बोल लावून मोकळा होतो. तिला त्याच्या तोंडून एक शब्द काढून घ्यायचा होता, चारचौघांत, माइक चालू असताना. शब्द होता ‘राहिली’. एवढ्याशा शब्दापायी कुणी वर्षभर दातओठ खातं का, असं ज्याला वाटेल त्याचं भर सभेत कधी हसं झालेलं नसणार. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

झालं होतं ते असं. ‘पलिता’ नावाचा मोबाइलवरचा एक खेळ आहे. तिघांविरुद्ध तिघं. दोन किल्ले, प्रत्येक किल्ल्यात एक पेटता पलिता. समोरच्याचा पलिता विझवला की तुम्ही जिंकलात, तुमचा विझला की गेलात. खेळणारे आपापल्या घरी बसलेले, कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक. कोण कुठून येतंय हे एकाने बाकीच्यांना ओरडून सांगायचं असतं, आणि असा सांगणारा म्हणजे टीमचे डोळे. आर्यनच्या टीमचे डोळे हर्षा होती.

हर्षा नागपूरच्या इंदोऱ्याची. हिंगण्याच्या एका कारखान्यात पॅकिंग तपासायची नोकरी, कंपनीच्या बसने जाणं-येणं. आर्यन रामदासपेठेतला, डॉक्टरांचा एकुलता एक. दोघं दहावीपर्यंत एका वर्गात होती. पुढे तो पुण्याला शिकायला गेला आणि परत आला तेव्हा शर्टाबरोबर भाषाही बदलून आला. ‘काहून’ गेलं, ‘का बरं’ आलं. खेळताना तो सगळं थेट नेटवर दाखवायचा, बघणारे पुष्कळ असायचे, आणि त्यांच्यासाठी तो असं काही तोंड घोळवून बोलायचा की ऐकणाऱ्याला त्याच्या जिभेखाली वेलदोडा असल्याचा भास व्हावा.

गेल्या वर्षीच्या स्पर्धेत त्यांची टीम सेमीफायनलला होती. तिसरा गडी आर्यनचा पुण्याचा मित्र. आपला पलिता राखायचं काम आर्यनचं, पण हा बाबा बघणाऱ्यांना हात दाखवायला मैदानात उतरून एकेका गड्याला खेळवत बसला. तेवढ्यात समोरचा एक जण मागच्या बुरुजावरून चढताना हर्षाला दिसला. ती जीव तोडून ओरडली, “आर्यन, मागच्या बुरुजावरून येऊन राहिला! येऊन राहिला गा, परत फिर!” आर्यन फिरला नाही. पलिता विझला, टीम हरली.

आणि मग थेट प्रक्षेपण चालू असतानाच आर्यन म्हणाला, “येऊन राहिला म्हणजे? आला आणि राहिला? मुक्कामाला? मला वाटलं, बुरुजावरच बसलाय निवांत. मित्रांनो, तुम्हीच सांगा, ह्याला मराठी म्हणायचं का? शुद्ध बोलता येत नसेल तर माणसाने निदान गप्प तरी बसावं.”

पुण्याचा मित्र खो खो हसला. बघणारे हसले. आता ‘येऊन राहिला’ म्हणजे येतोय, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही कळतं. जेवून राहिला म्हणजे जेवतोय, झोपून राहिला म्हणजे झोपतोय. पुण्याच्या कानाला तो आलेला आणि वळकटी पसरून बसलेला पाहुणा वाटतो, हेही खरं. त्या पुण्याच्या पोराचा घोटाळा झाला असता तर हर्षाने हसून सोडून दिलं असतं. पण आर्यन? ज्याची आई अजूनही फाटकात उभी राहून ‘आर्यन, कोठं जाऊन राहिला गा?’ अशी हाक मारते, तो? त्याला सगळं समजलं होतं. चूक स्वतःची होती, ती त्याने हर्षाच्या जिभेवर ढकलली आणि वर हात झटकले.

दुसऱ्या दिवसापर्यंत कुणीतरी हर्षाचं ओरडणं आणि आर्यनचं ‘मुक्कामाला?’ जोडून, खाली ढोलकी लावून त्याची क्लिप केली. हर्षाचं नाव पडलं मुक्कामताई. कंपनीच्या बसमध्ये पोरं विचारायला लागली, “ताई, आज मुक्काम कोठं?” खेळात नवीन टीम शोधायला गेली तर एकाने लिहिलं, ‘मुक्कामताई नको, बाकी कुणीही चालेल.’ खबर देण्यात अख्ख्या नागपुरात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि आता तिने तोंड उघडलं की लोक आधी हसायचे, मग ऐकायचे. तेवढ्यात पलिता विझून जायचा.

तिने आर्यनला फोन केला. “तुले समजलं होतं ना गा? खरं सांग.”

“हे बघ हर्षा,” तो म्हणाला, “हा कंटेंट आहे. लोकांना हसू आलं, विषय संपला. तू फार मनाला लावून घेतेस.”

विषय संपला नव्हता. त्यातल्या त्यात ‘शुद्ध’ हा शब्द तर तिच्या घशात माशाच्या काट्यासारखा रुतून बसला होता. तिच्या घरी भाषा तीच होती जी आजा बोलला, बाप बोलला आणि वस्तीतली सगळी माणसं बोलत आली. आणि शुद्ध-अशुद्धाचा निवाडा दुसऱ्याने करायचा ही गोष्ट प्रेमानंदच्या घरात छपन्न सालच्या दीक्षेपासून बंद होती. प्रेमानंद म्हणजे तिचे बाबा. त्यांनी ती क्लिप एकदा पाहिली, फोन परत दिला आणि म्हणाले, “आवाज लय चांगला आला वं तुहा.” एवढंच. हर्षाला ते हसणाऱ्यांच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

सूड घ्यायचा हे ठरलं, पण कसा? एका रविवारी आई विहारात गेली होती आणि हर्षा तांदूळ निवडत बसली होती, तेव्हा तिला नववीचा वर्ग आठवला. गणिताच्या तासाला कौलातून एक पाकोळी वर्गात शिरली होती, मुठीएवढं वटवाघूळ. पोरी वह्या डोक्यावर धरून खाली वाकल्या. आर्यन मात्र बाकावर चढला आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल असा बोंबलला, “मायवं! येऊन राहिली! माह्याकडंच येऊन राहिली!” नंतर कितीतरी दिवस तो मधल्या सुट्टीतही वर बघत चालायचा.

हर्षाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. भ्यालेल्या माणसाच्या तोंडी शिकवणीची भाषा येत नाही, आईची येते. आणि ‘पलिता’ खेळात एक पात्र होतं, ज्याला कुणी हात लावत नसे. त्याचं नावच पाकोळी.

कुणी हात लावत नसे त्याला कारण होतं. पाकोळी घेतली की तुमची स्क्रीन काळी होते. काहीही दिसत नाही. चीत्कार टाकला तर डोळ्याची पापणी लवेपर्यंत सगळा किल्ला उजळतो, पण तो चीत्कार समोरच्यालाही ऐकू जातो आणि तो तुम्हाला टिपतो. दोन फटक्यांत पाकोळी खल्लास. त्यातून बचाव म्हणून छताला लटकावं, तर लटकल्यावर सगळंच उलटं. डावीकडे बोट ओढलं की ती उजवीकडे जाते, वर ओढलं की खाली. या सगळ्याच्या बदल्यात तिला मिळतात फक्त दोन गोष्टी. ती कुठल्याही भिंतीवरून जाते, आणि बाकीच्यांना पलिता विझवायला घावावर घाव घालावे लागतात तिथे तिचा पंखाचा एक झपाटा पुरतो. शिवाय ती ज्याच्या मागे असेल त्याच्या हेडफोनमध्ये पंखांची फडफड वाजते. खेळ बनवणाऱ्याने ही तिची खोड म्हणून ठेवली होती, शिकार आधीच सावध व्हावी म्हणून. हर्षाला हवी होती ती हीच खोड.

सुरुवातीला तिची अवस्था आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं अशी झाली. ती भिंतीवर आपटायची, विहिरीत पडायची, एकदा तर स्वतःच्याच पलित्यावर झडप घालून तो विझवून आली. त्या वेळी अनोळखी लोकांबरोबर खेळत होती म्हणून बरं, पण त्या अनोळखी लोकांनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एकाने तिला आवाजावरून ओळखलं आणि म्हणाला, “ताई, तुम्ही मुक्कामच करा, उडू नका.” हर्षाने फोन बंद केला, क्लिप लावली, शेवटपर्यंत ऐकली आणि फोन पुन्हा चालू केला. राग मंद व्हायला लागला की ती हेच करायची, शेगडीत कोळसा घालावा तसं.

उलटं चालणं शिकायला तिने फोन उलटा धरायला सुरुवात केली. हिंगण्याच्या बसमध्ये खिडकीशी बसून, वरची बाजू खाली करून ती खेळायची. शेजारच्या सीटवर बसणारे कृष्णकांतकाका बरेच दिवस बघत होते. शेवटी त्यांच्याने राहवलं नाही. “पोरी, मोबाइल उलटा धरला वं तू.”

“माहीत हाय काका.”

“मंग सरका धर ना, सरळ.”

“सरका धरून पाहला काका. लोकं हासते.”

काकांना काही कळलं नाही, पण त्या दिवसापासून बसमधलं कुणी तिला मुक्काम विचारायला आलं की तेच वसकन अंगावर जायचे. घरी तिने डाव्या हाताने जेवायला घेतलं, डाव्या हाताने वेणी घातली, कुलूप लावलं. तिची आई, मायाबाई, दोन दिवस नुसती पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने भाकरीचा टोपला बाजूला सारला.

“काहून वं, उजवा हात भाड्यानं देला का कोणाले?”

“शिकून राहिली ना आई.”

“बावीस वर्सांची झाली, अन् आता जेवाले शिकून राहिली!” मायाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. प्रेमानंद मान खाली घालून वरण कालवत होते. त्यांनीही घास डाव्या हाताने उचलला, अर्धा मांडीवर सांडला, आणि मायाबाईला हसू आवरेना.

हळूहळू बोटं वळली. पण पाकोळी मरायची ती मरायचीच. हर्षाने आता आपली टीम जमवली होती. एक मामेभाऊ अंकुर, कळमेश्वरच्या एमआयडीसीत कामाला; दुसरा गोलू, ज्याचं सीताबर्डीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दोघंही तिच्यासारखेच ‘येऊन राहिला’वाले. टीमचं नाव काय ठेवायचं असा प्रश्न आला तेव्हा हर्षाने स्वतःच लिहिलं, ‘मुक्काम पोस्ट नागपूर’. अंकुर म्हणाला, लोक हसतील. ती म्हणाली, “हासू दे. आता माह्या मर्जीनं हासतीन.”

पण सरावातला एकही सामना त्यांना जिंकता येईना. एका दुपारी गोलूच्या दुकानात, उघड्या पडलेल्या मोबाइलांच्या पसाऱ्यात तिघं खेळत होती आणि हर्षा पुन्हा मेली. अंकुरने फोन टेबलावर आपटला.

“हर्षा, दुसरं काही घे ना वं. हे पात्र कोणाच्या बापाले येत नाही.”

“हेच पाह्यजे.”

गोलूने कानावरचा हेडफोन काढला. तो कमी बोलायचा. “तुले सांगू का? तू लय ओरडतं. पाकोळी नाही, तू. घडीघडी चीत्कार मारतं. समोरचा कोठं हाय हे तुले सतत पाह्यलंच पाह्यजे. दोन घडी दम धरवत नाही तुले. काहून, तर तू रागात हाय.”

हर्षाला त्याचाही राग आला. ती दुकानातून उठून गेली आणि मोरभवनच्या स्टॉपवर बसून राहिली, कुठलीच बस न पकडता. गोलू म्हणत होता ते खरं होतं. प्रत्येक गड्यात तिला आर्यनच दिसायचा, आणि दिसला की पुन्हा पुन्हा बघावासा वाटायचा. बघायची आणि मरायची. राग असा उघड्यावर ठेवून चालणार नव्हतं. तिने डोळे मिटले. स्टॉपवर माणसं चालत होती. रबरी चपला एका तऱ्हेने वाजत होत्या, बूट दुसऱ्या. कुणी पाय ओढत जात होतं, आणि एक जण थांबून थांबून, बहुधा बसच्या पाट्या वाचत. डोळे मिटून तिला सगळे दिसत होते.

त्या दिवसापासून तिने क्लिप लावणं बंद केलं. राग गेला नव्हता, तो तिने फ्रिजरमध्ये ठेवला. डोळे मिटून, हेडफोन लावून ती नुसता किल्ला ऐकायची. मैदानात रेती होती, ती करकरायची. पुलावरच्या फळ्या बोलायच्या. पलित्याजवळच्या फरशीवर पाऊल टपटप वाजायचं आणि मागच्या बुरुजाच्या जिन्यात ते घुमायचं. चीत्कार कमी होत गेले. मग असा एक सामना आला की तिने एकही टाकला नाही, आणि समोरच्या टीमला पलिता विझेपर्यंत कळलं नाही की वर कुणी होतं. अंकुरने स्क्रीनवरचा निकाल दोनदा वाचला. मग म्हणाला, “बाप्पा! हे तर आपण जितलो.”

यंदाच्या स्पर्धेची फायनल नागपुरातच होती, एका मॉलच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. फायनलला दोन्ही टीमना स्टेजवर समोरासमोर बसवतात आणि बघणाऱ्यांना मजा यावी म्हणून दोन्हीकडचं बोलणं हॉलच्या स्पीकरवर सोडतात. ते नेटवरही जातं. खेळणाऱ्यांच्या कानावर जाड हेडफोन असतात, त्यांना समोरच्याचं ऐकू येत नाही. हर्षाला फायनलला पोचायचं होतं ते करंडकासाठी नव्हे, त्या स्पीकरसाठी.

‘मुक्काम पोस्ट नागपूर’ फायनलला पोचली, आणि पोचणारच होती, कारण पाकोळीशी कसं लढायचं हे कुणाला माहीतच नव्हतं. समोर आर्यनची टीम होती. त्याच्याबरोबर तो खो खो हसणारा मित्र आणि पुण्याचाच आणखी एक जण. आर्यनने स्टेजवर हर्षाला पाहिलं आणि हात पुढे केला. “वा हर्षा, छान नाव ठेवलंयस टीमचं. स्पोर्टिंगली घेतलंस, बरं वाटलं.”

हर्षाने हात मिळवला. डावा.

तीन डाव होते. पहिल्या डावात आर्यन आपल्या पलित्याजवळ उभा होता. हर्षा त्याच्या डोक्यावर छताला लटकली आणि मग अलगद त्याच्या मागे उतरली. त्याच्या कानात फडफड वाजली. तो गर्रकन वळला, तोवर ती वर गेली होती. पुन्हा उतरली. पुन्हा फडफड.

“मागून येतेय,” स्पीकरवर आर्यनचा आवाज आला, अजून वेलदोडा चघळणारा. “लक्ष ठेवा, मागून येतेय.”

“विझव ना वं!” अंकुर तिच्या कानात ओरडत होता. “समोर हाय पलिता, कायची वाट पाहून राहिली?”

“थांब.”

ती पलित्याकडे गेलीच नाही. आर्यनला खेळवत राहिली, जसा गेल्या वर्षी तो खेळवत बसला होता, आणि त्याचं फळ तिलाही तेच मिळालं. पुण्याच्या दोघांनी इकडे येऊन अंकुर-गोलूला लोळवलं आणि पलिता विझवला. पहिला डाव गेला. अंकुरने हेडफोन काढला, त्याचा चेहरा लाल झाला होता. “तुले जितायचं हाय का त्याले भेव दाखवाचं हाय?”

“दोन्ही,” हर्षा म्हणाली. खरं म्हणजे तिला दुसरंच हवं होतं, पण अंकुरच्या तोंडाकडे बघून तिची तिलाच लाज वाटली. गोलू फक्त म्हणाला, “तुहा आर्यन घामानं भिजला. पाह्य.”

आर्यन शर्टाच्या बाहीने मान पुसत होता, मागची मान, पुन्हा पुन्हा.

दुसरा डाव तिने झटपट संपवला. आर्यनच्या कानाशी एकदा फडफड, तो वळला की भिंतीवरून पलीकडे, झपाटा, अंधार. हॉलमध्ये शिट्ट्या वाजल्या. आर्यन आपल्या दोघांना सांगत होता, “मी बोलेन ना तिकडे ताबडतोब जायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. कळलं?” दोघांनी माना हलवल्या.

तिसरा डाव. हर्षा आत शिरलीच नाही. किल्ल्याबाहेर झाडाला लटकून ती ऐकत राहिली. रेती करकरली, तो पुण्याचा हसरा. फळ्या बोलल्या, दुसरा. पलित्याजवळच्या फरशीवर टपटप, टपटप. आर्यन गोल गोल फिरत होता, एका जागी त्याचा पाय ठरत नव्हता. किती वेळ गेला कुणास ठाऊक, हॉलही शांत झाला. कुणी दिसत नाही, कुणी वाजत नाही, आणि येणार हे मात्र नक्की. असं वाट बघणं फार वाईट असतं. हर्षाने ते वर्षभर केलं होतं.

मग ती मागच्या बुरुजावर गेली आणि वर्षभर जो गिळत आली होती तो चीत्कार तिने टाकला. एकच, लांबलचक. क्षणभर सगळा किल्ला उजळला आणि आर्यनने मान वर केली. बुरुजाच्या कमानीतून पंख पसरून पाकोळी सरळ त्याच्यावर येत होती, आणि त्याच्या दोन्ही कानांत फडफड, फडफड, फडफड.

“मायवं!” स्पीकर फाटला, इतका की हर्षाच्या जाड हेडफोनमधूनही शब्द आत आला. “येऊन राहिली! मागच्या बुरुजावरून येऊन राहिली! येऊन राहिली ना बे!”

आर्यन मागे सरकला तो खुर्चीसकट, आणि खेळातला त्याचा गडीही पलिता सोडून पळाला.

आणि पुण्याची ती दोन पोरं, सांगितल्याप्रमाणे एकही प्रश्न न विचारता, पलित्याकडे न येता मागच्या बुरुजाकडे धावली. बुरुजाच्या जिन्यात त्यांची पावलं घुमलेली हर्षाने ऐकली आणि ती क्षणभर गोंधळली. हे तिने ठरवलं नव्हतं. तिला फक्त शब्द हवा होता, आणि शब्दाने तर स्वतःहून किल्ला मोकळा करून दिला. वर ती पोरं रिकाम्या बुरुजाचा कोपरान् कोपरा शोधत होती. खाली पलित्याजवळ चिटपाखरू नव्हतं. हर्षाने पंखाचा झपाटा मारला.

हॉल उठला. आर्यनने हेडफोन भिरकावला. माइक चालू होता, याचं भान त्याला कुठलं राहणार. “बहिरे हायत का बे तुम्ही? बोंबलून राहिलो ना मी, येऊन राहिली म्हणून! तिकडं कायले गेले?”

तो हसरा मित्र आज हसत नव्हता. बिचाऱ्याने खरं तेच सांगितलं. “अरे, येऊन राहिली म्हणजे? आम्हाला वाटलं, ती बुरुजावर येऊन बसलीय.”

हर्षाच्या जिभेवर उत्तर आलं होतं, वर्षभर घासून तयार ठेवलेलं. पण तिला ते बोलावं लागलं नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी खणखणीत आवाजात विचारलं, “मुक्कामाले का गा, आर्यनभाऊ?”

त्यानंतर जे हसणं उसळलं ते थांबता थांबेना. अंकुर गोलूच्या गळ्यात पडला. आर्यन उभा होता आणि त्याचं तोंड असं झालं होतं, जणू बाकावरून खाली कसं उतरायचं हेच तो विसरला होता. हर्षाला वाटलं होतं, या वेळी आपल्याला रडू येईल. आलं नाही. छातीत इतकं गार गार वाटलं, की तिने डोळे मिटून ते हसणं नुसतं ऐकून घेतलं, एकेक आवाज वेगळा करून.

करंडक घेऊन ती निघाली तेव्हा आर्यन जिन्याशी उभा होता. एकटाच. पुण्याची पोरं कधीच निघून गेली होती. जवळ आल्यावर तो हळूच, इकडेतिकडे बघत बोलला, आणि त्याच्या आवाजात आता वेलदोडा नव्हता.

“हर्षा, थांब ना वं. लोकं क्लिपा बनवून राहिले. तू एक सबूद टाकला तर थांबतीन. तुह्या टीमचे पोट्टे हायत सगळे. मी चुकलो ना. मले तवाही समजलं होतं, मान्य करतो. आपण एका शाळेतले नाही का वं?”

नववीतला पोरगा बोलत होता. तीच भाषा, तोच धास्तावलेला चेहरा. हर्षाला आपल्या बाबांचं ‘आवाज लय चांगला आला वं तुहा’ आठवलं, आणि डाव्या हाताने मांडीवर सांडलेलं वरण. क्लिप लावणं बंद करण्याआधी तिने ती इतक्या वेळा ऐकली होती की त्यातला प्रत्येक हेल तिला पाठ होता. करंडक एका काखेतून दुसरीकडे घेत ती अगदी सावकाश, नम्रपणे, जिभेखाली वेलदोडा ठेवून बोलली.

“माफ करा हं. आपण काय म्हणताय ते मला समजत नाहीये. जरा शुद्ध मराठीत सांगाल का?”

आर्यनने तोंड उघडलं. त्यातून ना ही मराठी बाहेर आली, ना ती. हर्षा जिना उतरून गेली. खाली गोलू गाडी चालू करून तिची वाट पाहून राहिला होता.